चप्पल, चिखल आणि पायडल

धानोरा तालुक्यात सायकल ही हौसेची वस्तू नाही. गडचिरोलीहून धानोरा, मुरूमगाव करत छत्तीसगडात शिरणारा राष्ट्रीय महामार्ग ९३० डांबरी आहे, पण बरीचशी गावं त्या रस्त्यापासून आत, मुरमाच्या नाहीतर मातीच्या वाटांवर वसलेली. शाळा, दवाखाना, आठवडी बाजार, धानाची बांधी, मोहाची झाडं, उन्हाळ्यातला तेंदूपत्ता, या सगळ्यांपर्यंत नेणारं स्वस्तात स्वस्त वाहन सायकलच. तिचा टायर फाटला की माणूस तो बदलतो, कारण त्याशिवाय ती पुढे सरकतच नाही. पायडल तुटलं तर मात्र महिनोन्महिने नुसत्या एक्सलवर पाय ठेवून सायकल हाकली जाते. तळपायाखाली बोटभर जाडीची लोखंडी कांडी, गोल आणि गुळगुळीत. पाठीवर दप्तर घेऊन अशा कांडीवर जोर लावणारी शाळकरी मुलगी दिसली की मला तिच्या पायाची, आणि समोरून येणाऱ्या ट्रकची, दोन्हींची धास्ती वाटते.

म्हणून हा विषय लिहायला घेतला. स्वस्तातलं, सपाट, पाय नीट टेकेल असं पायडल कोणतं घ्यावं? याबद्दल दोन मतं ऐकू येतात आणि दोन्हींत दम आहे. एक मत गिअरच्या नव्या सायकली वापरणाऱ्यांचं, दुसरं आयुष्यभर सायकली दुरुस्त करणाऱ्यांचं. पहिलं मी इथे शाळेतल्या एका सरांच्या तोंडी घातलं आहे, दुसरं एका सायकल मिस्त्रींच्या. दोघेही कल्पित आहेत, त्यांच्यातला वाद खरा आहे.

सर : काकाजी, ही रबराची पायडलं आता दुकानातून काढून टाका. पावसात पाय असा सटकतो की माणूस दांडीवरच आदळतो. माझ्या सायकलला मी अ‍ॅल्युमिनिअमचं रुंद पायडल बसवलंय. वर बारीक खिळे, आत बंद बेअरिंग. पाय एकदा टेकला की जागचा हलत नाही.

मिस्त्री : पाहिलं जी मी. केवढ्याला पडलं?

सर : दोन हजारांच्या आसपास.

मिस्त्री : शाळेतल्या पोरीला अख्ख्या सायकलीसाठी सरकार पाच हजार देते. त्यातले दोन हजार नुसत्या पायडलात घालायचे?

मिस्त्रींनी आकडा बरोबर धरला. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळतं. २०२२ मध्ये ते साडेतीन हजारांवरून पाच हजारांवर गेलं. धानोऱ्यापासून तीनेक किलोमीटरवरच्या लेखा-मेंढ्याहून शाळेला येणारी मुलगी डोळ्यांसमोर आणली, तर पायडलाचा प्रश्न कुणाचा आहे ते कळतं. पाच हजारांत येणाऱ्या सायकलीत दुकानदाराला कुठेतरी काटकसर करावी लागते, आणि ती बहुधा गिऱ्हाईक जिथे पाहत नाही तिथे होते. फ्रेमचा रंग, बास्केट, घंटी हे सगळं डोळ्यांत भरतं. पायडल वाकून कोण बघतो?

सर : दोन हजार घालाच असं मी म्हणत नाही. पण पकड ही चैन नाही. ब्रेक जितका गरजेचा, तितकीच पकड.

मिस्त्री : पकड कशाची, ते आधी ठरवा. तुमच्या पायात बूट आहे, त्याचा तळ जाड. माझ्या गिऱ्हाइकांच्या पायात हवाई चप्पल, शेताकडं निघाले तर तीही नाही. तुमचा तो खिळा चपलेच्या मऊ रबरात घुसते आणि पाय उचलताना तुकडा काढून नेते. महिना-दोन महिन्यांत चपलेची चाळणी. अनवाणी माणसानं तर तिथं पाय ठेवूच नये. आणि पाय सटकलाच, तर पायडल गिरकी घेऊन नडगीवर येते. नडगीवर मांस नसते जी, सरळ हाडच लागते.

सर : हे मान्य. माझ्याही नडगीवर दोन खुणा आहेत. पण ते खिळे काढता येतात. बारीक स्क्रूच असतात ते, खालच्या बाजूनं चावीनं फिरवले की निघतात. मधले काढायचे, कडेचे ठेवायचे.

मिस्त्री : मग पैसे देऊन आणलेले खिळे काढून ठेवायचे. कायले?

इथे मी मिस्त्रींच्या बाजूचा आहे. खिळ्यांची पायडलं डोंगरउतारावर उड्या मारत जाणाऱ्या सायकलस्वारांसाठी घडली. त्यांच्या बुटांचे तळ खास चिकट रबराचे असतात, आणि खिळा व तळ एकमेकांत रुतावेत हाच तिथला हेतू. बूट वगळून फक्त खिळा उचलून आणला, तर अर्धीच गोष्ट आली. सलवारीचा सैल काठ त्यात अडकतो तो वेगळाच त्रास. सरांचा मूळ मुद्दा मात्र त्यामुळे खोटा ठरत नाही, आणि त्यांनी तो सोडलाही नाही.

सर : बरं, खिळे राहू द्या. तुमच्या रबराचं बोला. नवं असताना त्यावर खाचा असतात. वर्षभरात त्या झिजून रबर काचेसारखं होतं. बांधीतला चिखल चपलेला, वरून पाऊस. शिवाय रबराचे दोन ठोकळे दोन बोल्टांवर बसवलेले असतात. बोल्ट ढिले झाले की ठोकळाच पायाखाली फिरतो. मग सटकतो तो पाय की पायडल, तेही कळत नाही.

मिस्त्री : ढिले झाले तर आवळायचे. झिजलं तर नुसतं रबर बदलता येते, अख्खं पायडल फेकायची गरज नाही. कोरड्यात, अनवाणी पायाला त्याच्याइतकं मऊ दुसरं काही नाही. माणूस मोहाचं पोतं बांधून कोसभर जाते, त्याच्या तळव्याले विचारा.

सर : कोरड्यात. पण इथं जून ते सप्टेंबर कोरडं काय असतं, काकाजी?

मिस्त्री थांबले, कारण या प्रश्नाला बगल देता येत नाही. गडचिरोली हा महाराष्ट्रातल्या भरपूर पावसाच्या जिल्ह्यांपैकी एक. शाळा सुरू होते तीच पावसाच्या तोंडावर, आणि अनुदानातली नवी सायकल पहिल्यांदा रस्त्यावर येते ती चिखलातच. झिजलेलं रबरी पायडल चार महिने धोक्याचं असेल, तर बाकीचे आठ महिने ते मऊ होतं याचं समाधान पुरत नाही. रबर बदलता येतं हे खरं, पण पूर्ण गुळगुळीत होईपर्यंत ते कुणी बदलत नाही हेही तितकंच खरं.

सर : शहरात तर काही जण बुटाला लोखंडी पट्टी लावून तो पायडलातच अडकवतात.

मिस्त्री : आणि पडताना?

सर : टाच बाहेर वळवली की सुटतो. सवय लागते. पण त्यानं ताकद वाचते असं जे म्हणतात, ते रोजच्या चालवण्यात दिसून आलेलं नाही. अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१६ मध्ये मोजून पाहिलं. साधे पळायचे बूट आणि सपाट पायडल, दुसरीकडे अडकवायचे बूट. मध्यम जोरानं चालवताना शरीराचा खर्च दोन्हीकडे सारखाच आला.

मिस्त्री : म्हणजे आमचा पाय मोकळा तो बराच.

या मुद्द्यावर दोघांचं लगेच जमलं आणि तो तिथेच संपवलेला बरा. कॅरिअरवर धानाचं पोतं असलेल्या माणसाला सायकल कलताक्षणी पाय जमिनीवर टेकवता आला पाहिजे. सपाट, मोकळं पायडल हीच इथली गरज आहे. सपाट म्हणजे कसलं, एवढाच प्रश्न उरतो.

सर : मग मधला रस्ता सांगतो. नायलॉनचं रुंद पायडल. खिळे वेगळे लावलेले नाहीत, त्याच साच्यात ओतलेल्या बोथट गाठी. चपलेला धरतात, पण चिरत नाहीत. दगडावर आपटलं तर अ‍ॅल्युमिनिअम खरवडून अडकतं, नायलॉन घसरून पुढे जातं. गंजायचा प्रश्न नाही.

मिस्त्री : प्लास्टिकचंच ना ते? नव्या सायकलींना येते ते मी रोज पाहतो. चार महिन्यांत कड तुटते, मग मधलं नळकांडं फिरत राहते, मग तेही जाते. राहते नुसता एक्सल.

सर : ते वेगळं. हलक्या सायकलीवर येतं ते पोकळ असतं, आतून जाळीसारखं, कडा पातळ. मी म्हणतो ते भरीव आणि जड असतं. हातात धरून दोन्ही कडा पिळून बघा, वाकलं तर घेऊ नका.

मिस्त्री : पिळून पाहणं ठीक. मी आणखी एक बघतो. आत काय आहे ते.

आणि इथून मिस्त्री बोलत राहिले. मध्ये तोडावंसं वाटत नाही, कारण पायडल घेताना ज्याची चौकशी कुणीच करत नाही, तेच ते सांगत होते.

मिस्त्री : पायडलाच्या टोकाची टोपी काढा. आत छर्रे दिसले, कोन दिसला, वर चेकनट दिसला, तर ते पायडल माझ्या हातानं सुधरते. धुवायचं, नवे छर्रे, ग्रीस, कोन इतकाच आवळायचा की बोटानं फिरवलं तर अडकणार नाही आणि हलवलं तर खडखडणार नाही. दहा-पंधरा मिनिटांचं काम. काही पायडलांत छर्रे नसतातच, लोखंडावर प्लास्टिकचं बुश घासत राहते. ते नवं असताना सुरेख फिरते आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर कुरकुरते. त्याले इलाज नाही. आणि तुमचं बंद बेअरिंग. चांगलं आहे, खोटं कायले बोलू? चिखल आत जात नाही. पण गेलं की त्याच मापाचं बेअरिंग लागते. ते इथं धानोऱ्यात कोणाकडं आहे? मागवा, वाट बघा, तोवर पोरगी पायी.

सर : पण बंद बेअरिंग दोन-तीन पावसाळे हात न लावता चालतं. तुमच्या छर्‍यांना दर पावसाळ्यानंतर ग्रीस लागतं, आणि ते करून घ्यायला कोण येतं?

मिस्त्री : येत नाहीत, हे खरं आहे.

सर : मग?

मिस्त्री : मग त्यांना बोलवा. बेअरिंग बदलण्यापेक्षा सवय बदलणं स्वस्त पडते.

मला वाटतं, दोघांच्या मतभेदाचा गाभा हाच आहे. सर वस्तूवर भरवसा ठेवतात : एकदा चांगली घ्यावी आणि विसरून जावी. मिस्त्री वस्तूपेक्षा हातावर भरवसा ठेवतात : जे आपल्या गावात उघडता येतं आणि पुन्हा बसवता येतं, तेच आपलं. पुण्या-नागपुरात सरांचं म्हणणं रास्त ठरेल, तिथे बेअरिंग पुढच्या चौकात मिळतं. धानोऱ्यात मी मिस्त्रींचं मानतो. छर्‍यांचं, कोन असलेलं, उघडता येणारं पायडल घ्यावं. पण त्यांनी ज्या सवयीवर हवाला ठेवला, ती आपोआप लागणार नाही. तिची सोय कुणीतरी करावी लागेल.

सर : आटे तरी सगळीकडे सारखेच असतात ना? मी ऑनलाइन मागवलं तर बसेल?

मिस्त्री : इथंच लोक फसतात. मोठ्या सायकलीच्या क्रँकला नऊ-सोळा इंचाचं भोक. काही लहान मुलांच्या सायकलींत मात्र दोन्ही क्रँक मिळून एकच वाकवलेली सळई असते. तिथं अर्ध्या इंचाचं लागते. नुसतं बघून फरक कळत नाही. म्हणून जुनं पायडल सोबत घेऊन यायचं, मापाले माप लावायचं.

सर : आणि डावं-उजवं?

मिस्त्री : डाव्याचे आटे उलटे असतात जी. हे माहीत नसल्यानं किती क्रँक वाया गेल्या! माणूस घरी पाना घेऊन बसते, डावं पायडल सरळ आट्यांनी आवळायचं म्हणून जोर लावते. ते तिरपं चढते, आटे जातात, आणि दोनशेच्या पायडलापायी क्रँक बदलावी लागते. जुनी लोखंडी, कॉटर पिनची क्रँक थोडं सोसते. नव्या अ‍ॅल्युमिनिअमच्या क्रँकला एवढीशीही चूक चालत नाही.

डाव्या बाजूला उलटे आटे का, याचं कारण पुष्कळ सायकलवाल्यांनाही माहीत नसतं. पायडल मारताना एक्सलवर पडणारा भार त्याच्याभोवती गोल फिरत राहतो. त्या फिरत्या दाबाने एक्सल भोकाच्या आत केसभर घसरत, उलट दिशेला सरकत जातो. दोन्हीकडे सरळ आटे दिले तर डावं पायडल चालवता चालवता आपोआप सुटेल. राइट बंधू विमानाकडे वळण्याआधी सायकली बनवत आणि विकत. १९०० च्या सुमारास त्यांनी आपल्या सायकलींच्या डाव्या पायडलाला उलटे आटे दिले होते. आज ही रीत जगभर आहे. ध्यानात ठेवायला सोपी खूण : सायकलीच्या ज्या बाजूला पायडल, त्या बाजूला उभं राहा आणि पाना वरच्या अंगाला धरून पुढच्या चाकाकडे फिरवा, म्हणजे ते आवळेल. मागच्या चाकाकडे फिरवा, म्हणजे सुटेल. दोन्ही बाजूंना हाच नियम. पण आधी एल आणि आर ही अक्षरं पाहायची, आट्यांना ग्रीस लावायचं, पहिले चार-पाच फेरे नुसत्या बोटांनी द्यायचे, आणि मगच पाना उचलायचा. बोटांनी फिरत नसेल तर ते तिरपं चढतंय असं समजून बाहेर काढायचं.

सर : एवढं सांगितलंत, तर माझ्या दोन हजारांच्या पायडलात काय कमी ते आता तुम्हीच सांगा. खिळे आणि बेअरिंग सोडून.

मिस्त्री : रात्री त्याचं काय दिसते?

सर : म्हणजे?

मिस्त्री : माझ्या दीडशेच्या पायडलाले पिवळी काच आहे, पुढून आणि मागून. तुमच्याले नाही.

सर गप्प झाले. माझ्या मते साऱ्या बोलण्यातला सर्वांत मोलाचा मुद्दा हाच. क्रीडेसाठी बनलेल्या पुष्कळ महागड्या सपाट पायडलांना परावर्तक नसतात, कारण ती दिवसा, जंगलातल्या पायवाटेवर चालवायची असतात. धानोऱ्याकडचं जंगल वेगळं, त्यातून महामार्ग जातो आणि ट्रकही. मडगार्डवरची लाल काच स्थिर असते. लांबून ती मैलाचा दगड आहे की उभी गाडी, हे ट्रकवाल्याला पटकन उमगत नाही. पायडलाच्या पिवळ्या काचा मात्र वरखाली होतात, आणि ती वरखाली होणारी जोडी म्हणजे पुढे सायकल आहे, हे मेंदूला क्षणात समजतं. २०२० मध्ये केंद्र सरकारने सायकलींच्या परावर्तकांसाठी गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश काढला तो उगाच नाही. हिवाळ्यात शिकवणी संपवून परतणाऱ्या मुलीच्या सायकलीला दिवा असेलच असं नाही, आणि असला तरी तो पुढे असतो. मागून येणाऱ्याला तिचं पायडलच दिसतं.

सर : हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग माझी अट बदलतो. नायलॉनचं, भरीव, बोथट गाठींचं, पण परावर्तक असलेलं.

मिस्त्री : आणि छर्‍यांचं. टोपी उघडणारं.

सर : छर्‍यांचं. किंमत?

मिस्त्री : रबरी जोडी दीड-दोनशेला जाते. असं भरीव घ्याल तर तीनशे ते पाचशे. त्याच्यावर देऊ नका आणि शंभराचं पोकळ उचलू नका.

सर : रुंदी?

मिस्त्री : पोरीच्या पायाले फार रुंद कायले पाहिजे? चवडा पूर्ण टेकला की झालं. फार रुंद घेतलं तर वळणावर दगडाले लागते.

लेखा-मेंढ्याचं नाव वर आलं आहे, म्हणून सांगतो. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणारं हे देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. तिथली ग्रामसभा मतदानाने ठरवत नाही. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत राहते, आणि निर्णयाआधी अभ्यास गटात विषयाचा खल करते. पायडल जंगलाइतकं मोठं नाही, पण त्याचा निवाडाही याच रीतीने व्हावा असं मला वाटतं. सरांनी खिळे सोडले, मिस्त्रींनी झिजलेलं रबर सोडलं, आणि उरलं ते दोघांनाही पटणारं होतं.

राहिली ती सवयीची गोष्ट. मुलीच्या नावावर सायकलीचे पैसे जमा होतील तेव्हा पालकांनी दुकानातच पायडल हातात घेऊन पिळून पाहावं. पोकळ निघालं, तर वरचा फरक भरून तिथल्या तिथे चांगली जोडी बसवून घ्यावी. आणि शाळांना, ग्रामसभांना माझी विनंती आहे : १५ नंबरचा एक पातळ पाना, ग्रीसचा एक डबा आणि छर्‍यांची एक पुडी एवढं सामान शाळेत ठेवा. दिवाळीच्या सुटीआधी, पाऊस उघडल्यावर, एक दिवस मिस्त्रींना शाळेत बोलवा. मुलींच्या सगळ्या सायकलींची पायडलं त्या दिवशी उघडून, धुऊन, ग्रीस भरून परत बसवा, आणि दुसऱ्या बाजूच्या पायडलासाठी पाना मुलींच्याच हातात द्या. या साऱ्याला एका महागड्या पायडलाच्या जोडीइतकाही खर्च येणार नाही.